रनटाइम एरर २००



दशलक्षण पर्व सुरू व्हायच्या आधी दरवर्षी एक कपाट रिकामं करायचं, असा माझा नेम आहे. मंदिरात उत्तम आकिंचन्यावरचं प्रवचन ऐकायचं आणि घरी येऊन कोंबून भरलेली कपाटं उघडायची, याची लाज वाटते म्हणून. यंदा पाळी आली हिशेबाच्या कपाटाची. यांचं सांगलीत हळदीचं अडत दुकान होतं आणि वह्या मी घरी बसून लिहायचे. बी.कॉम.चा तेवढा तरी उपयोग झाला, असं सासूबाई म्हणायच्या. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. नियमाने ठेवायच्या तेवढी वर्षं वह्या ठेवूनही झाल्या. आता सगळी रद्दी.

१९९९-२००० च्या फायलीत एक खाकी पाकीट निघालं. आत दोन वस्तू होत्या. संगणक दुरुस्तीवाल्याची ४५० रुपयांची पावती आणि एक काळी फ्लॉपी. पाकिटावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘पुरावा’.

कसला पुरावा, ते मला लगेच आठवलं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९९५ साली आम्ही एक जुना, वापरलेला संगणक घेतला होता. ४८६ म्हणायचे त्याला. दुकानाचा हिशेब त्यावर बसवायचा माझा विचार होता. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. त्याच्या मित्राच्या भावाने एका फ्लॉपीवर एक छोटा खेळ दिला. कोणा हौशी माणसाने बनवलेला असावा, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, चित्र नाही, गाणं नाही. वरून बेरजा खाली पडायच्या आणि जमिनीला टेकायच्या आत उत्तर टाइप करायचं. मारामारी नाही, कोणाला मारायचं नाही, म्हणून मीही हरकत घेतली नाही.

हरकत कसली, मीच खेळायला लागले. आमच्याकडे जेवणं दिवस मावळायच्या आत उरकतात, त्यामुळे संध्याकाळ मोकळी असायची. आम्ही दोघं आळीपाळीने बसायचो. वह्यांच्या बेरजा तोंडी करून माझा हात बसलेला, तरी तो पोरगा मला गाठायचा. शेवटी ज्याचे गुण जास्त त्याने तीन अक्षरांत नाव लिहायचं. मी इंग्रजी अक्षरांत ‘आई’ लिहायचे.

चार वर्षांनी, १९९९ च्या दिवाळीत, नवा संगणक घेतला. पेंटियम थ्री. तेव्हाचे ४० हजारांच्या वर गेले होते, आणि त्या वर्षी हळदीने काही फार दिलं नव्हतं. जुना यंत्रवाल्याने परत घेतला. धनत्रयोदशीला नवा आला आणि निर्वाण लाडू, पाहुणे, फराळ सांभाळून मी रोज रात्री वहीतून त्यात नोंदी भरत होते. भाऊबीजेपर्यंत चार दिवसांच्या नोंदी झाल्या होत्या.

भाऊबीजेला दुपारी माझा भाऊ, वहिनी, त्यांची मुलं आली होती. मुलाने मामेभावंडांना दाखवायला म्हणून आपली फ्लॉपी घातली. खेळ सुरू झालाच नाही. पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली, ‘रनटाइम एरर २००’, आणि पुढे काही आकडे. पुन्हा घातली, पुन्हा तेच.

मैत्रिणींनो, ते वर्ष आठवा. १ जानेवारी २००० ला सगळे संगणक बंद पडणार, बँकांचे हिशेब पुसले जाणार, अशा बातम्या रोज पेपरात येत होत्या. मी स्वयंपाकघरातून हात पुसत आले आणि पडद्यावर २०० हा आकडा बघितला. माझ्या पोटात गोळाच आला. वाटलं, झालं, ४० हजारांचं यंत्र गेलं. दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने न बघताच सांगितलं, “पोरानं काहीतरी घातलंय वहिनी, व्हायरस असणार.”

मी सगळ्यांसमोर मुलाला विचारलं, “काय केलंस?”

“काही नाही केलं, आई. नेहमीसारखाच चालू केला.”

“खोटं बोलू नकोस.”

“आई, खरंच मी काही नाही केलं.”

मी त्याच्या हातातून फ्लॉपी घेतली. मामासमोर, मामीसमोर, भावंडांसमोर त्याला खोटारडा म्हटलं. वार्षिक परीक्षेपर्यंत संगणकाला हात लावायचा नाही, अशी शिक्षा दिली. दोन दिवसांनी दुरुस्तीवाला आला, त्याने सगळं पुसून यंत्र पुन्हा भरून दिलं. माझ्या चार दिवसांच्या नोंदी गेल्या. ती एरर परत दिसली नाही. मी म्हटलं, बघ, फ्लॉपी काढली आणि यंत्र बरं झालं. फ्लॉपी पाकिटात घालून वर ‘पुरावा’ लिहिलं.

एरर परत का दिसली नाही, याचं साधं कारण मला तेव्हा सुचलं नाही. तो खेळ त्यानंतर कोणी चालवलाच नव्हता.

मुलाने शिक्षा मुकाट्याने भोगली. पुढे तो शिकला, पुण्यात नोकरीला लागला, लग्न झालं. सगळं नीट आहे. फक्त एक सवय त्याला तेव्हापासून लागली. तो आमच्या घरातल्या कोणत्याही यंत्राला न विचारता हात लावत नाही. माझा मोबाइल अडला की म्हणतो, “आई, तू दाब, मी सांगतो.” मी त्याला शिस्त समजत होते.

आता यंदाचं सांगते. स्वातंत्र्यदिनाला जोडून सुट्ट्या आल्या म्हणून पाचवीतली नात आमच्याकडे राहायला आली होती. तिने पाकीट बघितलं आणि हट्टच धरला, यात काय आहे ते बघायचं. आमच्या ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याकडे यूएसबीने जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह होता, तो दोन दिवसांसाठी आणला. त्याने एक चांगली गोष्ट सांगितली. फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक छोटी सरकपट्टी असते. ती सरकवून खिडकी उघडी केली की फ्लॉपी नुसती वाचता येते, तिच्यावर काही लिहिलं जात नाही. जुनी वस्तू आधी अशी सुरक्षित करायची, मग तिची प्रत काढायची, आणि जे काही करायचं ते प्रतीवर. दोनदा घरघर करून ड्राइव्ह थांबला. तिसऱ्यांदा सगळ्या फायली आल्या.

लॅपटॉपवर खेळ सुरू करायला गेलो तर विंडोज ११ ने सांगितलं, हे अ‍ॅप या पीसीवर चालू शकत नाही. याचं कारण सोपं आहे. तो खेळ डॉसच्या काळातला, म्हणजे १६ बिटांचा. आताचं विंडोज ६४ बिटांचं आहे आणि त्यात १६ बिटांचे प्रोग्रॅम चालवायची सोयच ठेवलेली नाही. कोणी कितीही प्रयत्न केला तरी तो सरळ चालणार नाही.

त्यावर उपाय आहे तो डॉसबॉक्सचा. हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे, २००२ पासून लोक वापरतात. नव्या संगणकाच्या आत तो एक खोटा जुना संगणक उभा करतो. जुनं प्रोसेसर, जुनी आवाजाची पाटी, जुना पडदा, सगळं सॉफ्टवेअरने केलेलं सोंग. जुन्या खेळाला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत. आम्ही सी ड्राइव्हवर ‘खेळ’ नावाचा फोल्डर इंग्रजी अक्षरांत केला, फायली त्यात टाकल्या, डॉसबॉक्समध्ये ‘माउंट’ आज्ञा देऊन तो फोल्डर जोडला, आणि खेळाचं नाव टाइप केलं.

काळ्या पडद्यावर बेरजा पडायला लागल्या.

नात टाळ्या वाजवत होती. मला बोलायला सुचेना.

पण आताच्या मुलांना धीर कुठला? ती म्हणाली, “आजी, खूप हळू आहे.” मी चहा ठेवायला आत गेले. तेवढ्यात तिने खेळ बंद केला, डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फायलीत वेगाचा जो आकडा असतो, ज्याला ‘सायकल्स’ म्हणतात, तो काढून तिथे ‘मॅक्स’ लिहिलं आणि खेळ पुन्हा चालू केला.

मी बाहेर आले तर पडद्यावर तीच ओळ. रनटाइम एरर २००.

आणि ती माझ्याकडे बघून लगेच म्हणाली, “मी काही नाही केलं, आजी!”

मैत्रिणींनो, माझ्या तोंडाशी “काय केलंस?” हे आलंच होतं. हातात कप होता, तो मी खाली ठेवला. तोच खेळ, तीच ओळ, तोच घाबरलेला चेहरा. चेहरासुद्धा बापावर गेलेला. मी शेजारी बसले आणि म्हटलं, “तू वाईट काही केलं नाहीस. आधीच्या वेळेपेक्षा आता वेगळं काय आहे, तेवढं सांग.”

वेगळं होतं ते फक्त वेग. आम्ही ‘मॅक्स’ काढून पुन्हा ३००० लिहिलं. खेळ चालू झाला. पुन्हा ‘मॅक्स’ लिहिलं, एरर आली. चार वेळा करून बघितलं. यंत्र तेच, फाइल तीच, माणसं तीच. वेग वाढवला की ती ओळ यायची.

मग दोन दिवस मी त्याचं कारण शोधत बसले. पंचवीस वर्षांपूर्वी जे करायला हवं होतं ते. शोधून जे समजलं ते आपल्या भाषेत सांगते.

त्या काळी हौशी लोक छोटे प्रोग्रॅम बनवायला टर्बो पास्कल वापरत. त्यात तयार मिळणारा एक भाग होता, त्याचं काम थांबण्याचं. म्हणजे बेरीज एक ओळ खाली आली की इतके मिलीसेकंद थांब, मग पुढची ओळ. पण किती थांबायचं हे त्याला कसं कळणार? त्याने युक्ती केली होती. आपण समजा ठरवलं की सामायिकाच्या ४८ मिनिटांत माझे किती मणी होतात ते एकदा मोजायचं, त्याला ४८ ने भागायचं, की मिनिटाला किती मणी ते कळलं. मग पुढे घड्याळ न बघता मण्यांवरून वेळ ओळखायची. अगदी तसंच. प्रोग्रॅम सुरू होताना तो संगणकाच्या घड्याळाच्या एका टोल्यात, म्हणजे ५५ मिलीसेकंदांत, नुसती मोजणी करायचा. जेवढी मोजणी झाली तिला ५५ ने भागायचा. उत्तर आलं की एका मिलीसेकंदाला किती मोजायचं ते ठरलं.

उत्तर लिहायला त्याच्याकडे जागा होती १६ बिटांची. तिच्यात मोठ्यात मोठा आकडा बसतो ६५,५३५. ज्यांनी वह्या लिहिल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. छापील वहीत रकमेचा रकाना ठरावीक आकड्यांचा असतो, रक्कम मोठी झाली की बसत नाही. ६५,५३५ गुणिले ५५ म्हणजे ३६,०४,४२५. एका टोल्यात साधारण ३६ लाखांच्या आत मोजणी झाली तर सगळं ठीक. जुनी यंत्रं त्याच्या खूप खाली राहायची. पण १९९७-९८ नंतर आलेली जलद यंत्रं त्याच्या पुढे पळाली. उत्तर रकान्यात मावेना. आणि हे सगळं खेळ सुरू होण्याच्या पहिल्या क्षणात होतं, म्हणून खेळ उघडतच नाही.

आता यातली मला सर्वात लागलेली गोष्ट. २०० नंबरच्या एररचा पुस्तकातला अर्थ आहे ‘शून्याने भागाकार’. पण तो प्रोग्रॅम शून्याने भागतच नव्हता. तो ५५ ने भागत होता, आणि भागाकार मोठा झाला होता. प्रोसेसरला भागाकार मावला नाही काय किंवा कोणी शून्याने भागलं काय, तक्रार करायचा इशारा एकच आहे. तो इशारा आला की पास्कल डोळे मिटून ‘शून्याने भागलं’ म्हणायचं. म्हणजे ती एररसुद्धा खोटा आळ होता.

आपल्याकडे याला शब्द आहे, अभ्याख्यान. जे कोणी केलं नाही ते केलं म्हणून त्याच्या माथी मारणं. पाठशाळेत मुलांना मी तो शिकवला आहे. असत्याचे प्रकार सांगताना उदाहरण म्हणून शेजारणीचं, जावेचं, नोकराचं नाव घ्यायचे. आईने मुलावर घेतलेला आळ मला कधी सुचला नाही.

त्या खेळातला हा दोष तो बनला त्या दिवसापासून त्याच्यात होता. आमच्या जुन्या संगणकावर चार वर्षं तो रोज चालला तेव्हाही होता. फक्त उदयात आला नव्हता. कर्म बांधलं जातं, सत्तेत पडून राहतं, त्याचा अबाधाकाल असतो, आणि योग्य निमित्त मिळालं की उदयाला येतं, हे आपण स्वाध्यायात किती वेळा वाचतो. दृष्टांत सगळ्या अंगांनी जुळत नाही, फ्लॉपीला आत्मा नसतो, हे मला कळतं. पण एवढं त्यातून घेण्यासारखं आहे की उदयाच्या वेळी जो शेजारी उभा असतो त्याने ते केलेलं असतंच असं नाही. नवं, जलद यंत्र हे निमित्त होतं. ते तर आम्हीच हौसेने, पूजा करून आणलं होतं.

खेळ बनवणाऱ्यालाही मी दोष देत नाही. त्याने लिहिलं तेव्हा असा वेग त्याने पाहिलेलाही नसेल. दुरुस्तीवाल्यालाही नाही. तेव्हाच्या काळातच या दोषावर छोटे दुरुस्तीचे प्रोग्रॅम निघाले होते, पण ते त्याच्यापर्यंत पोचले नसतील.

शोधताना आणखी एक गोष्ट वाचनात आली. सिमसिटी नावाचा शहर वसवायचा खेळ आहे, मूळचा १९८९ चा. त्यात एक चूक होती. संगणकाची स्मृती वापरून झाली की ‘सोडली’ म्हणून कळवायचं असतं. हा खेळ सोडल्याचं कळवायचा आणि लगेच पुन्हा तिथलंच वाचायला जायचा. जसं आपण यात्रेत धर्मशाळेची किल्ली परत करतो आणि मग आठवतं, टॉवेल आत राहिला. खोली अजून दुसऱ्याला दिली नसेल तर आपण हळूच जाऊन घेऊन येतो. जुन्या व्यवस्थेत ती खोली रिकामीच राहायची, म्हणून चूक खपून गेली. १९९५ साली विंडोज ९५ यायच्या वेळी कळलं की नव्या व्यवस्थेत खोली लगेच दुसऱ्याला दिली जाते आणि खेळ कोसळतो. चूक खेळाची होती. पण विंडोज बनवणाऱ्यांनी आपल्याच व्यवस्थेत तजवीज केली, की हा खेळ चालू असेल तर सोडलेल्या खोल्या घाईने दुसऱ्याला देऊ नका. लोकांनी नवं यंत्र घेतलं आणि त्यांचा आवडता खेळ बंद पडला, असं होऊ दिलं नाही.

ते वाचून मी बराच वेळ गप्प बसले. त्यांनी दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेतली. मी कोणाचीच नसलेली चूक बारा वर्षांच्या पोराच्या अंगावर टाकली.

बी.कॉम.ला आम्हाला चुकांची दुरुस्ती नावाचं प्रकरण होतं. त्यात एक चूक अशी असते की रक्कम बरोबर, पण चुकीच्या माणसाच्या खात्याला नावे टाकलेली. या चुकीचं वैशिष्ट्य असं की तेरीज जुळते. दोन्ही बाजू समान येतात, वर्ष बंद होतं, कोणाला संशय येत नाही. ज्याच्या खात्यावर ती बसली आहे त्यालाच तेवढी माहीत असते. आमच्या घराची तेरीज पंचवीस वर्षं जुळत होती.

दरवर्षी अनंत चतुर्दशीनंतर क्षमावाणीला मी सगळ्यांची क्षमा मागते. आता तर मोबाइलवर एक फुलांचं चित्र निवडायचं आणि दोनशे जणांना पाठवायचं. कळत-नकळत झालेल्या चुकांबद्दल, मन-वचन-कायेने. मुलालाही तेच चित्र जायचं. पण चुकीची नोंद अशी ठोक दुरुस्त होत नाही. तारीख, रक्कम, कोणाच्या खात्यावर होती, कोणाच्या हवी, हे सगळं लिहून उलट नोंद करावी लागते.

यंदा क्षमावाणीला संध्याकाळी त्याचा फोन आला. “उत्तम क्षमा, आई.”

मी म्हटलं, “थांब. मला तुझी नाव घालून क्षमा मागायची आहे.” आणि भाऊबीजेपासून ६५,५३५ पर्यंत सगळं सांगितलं. तू खोटं बोलत नव्हतास, मी सगळ्यांसमोर तुला खोटारडा म्हटलं, ते चुकलं.

तो हसला. “अगं आई, किती जुनं काढतेस. मला आठवतही नाही.”

मग फोनवर थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं लाइन गेली.

“मामानं तेव्हा माझ्यासाठी शाईचं पेन आणलं होतं,” तो म्हणाला. “मला आधी दाखवलं होतं. नंतर तो ते न देताच घेऊन गेला.”

मला हे पेन माहीतच नव्हतं. इतकी वर्षं त्याच्या खात्यावर माझ्या कल्पनेपेक्षा मोठी रक्कम होती.

दुसऱ्या दिवशी मी भावाला फोन केला. ज्या चार माणसांसमोर आळ घेतला, त्या चौघांना कळायला हवं, नाहीतर नोंद अर्धीच. तो आता सत्तरीचा आहे. त्याला ना एरर आठवत होती ना पेन. पण सगळं ऐकून तो म्हणाला, “पोरगं खोटं बोलणारं नव्हतंच गं.” मी म्हटलं, “हे तू तेव्हा का नाही बोललास?” मग म्हटलं, जाऊ दे, आता त्याच्यावर नको टाकायला.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी मुलांचे जुने खेळ पडून असतील, तर माझ्या अनुभवातून एवढं सांगते. फ्लॉपी किंवा सीडी आहे तोवर आधी प्रत काढा, या वस्तूंना बुरशी लागते. डॉसच्या खेळाला डॉसबॉक्स वापरा. खेळ अडला किंवा पळायला लागला तर वेग बदलून बघा, कंट्रोल आणि एफ११ दाबलं की कमी होतो, कंट्रोल आणि एफ१२ ने वाढतो. पण माझ्यासारखी एरर सुरुवातीलाच येत असेल तर खेळ उघडण्याआधी वेग कमी करा, उघडल्यावर करून उपयोग नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते कागदावर लिहा. आणि घरात कोणतंही यंत्र बंद पडलं, मिक्सर असो वा मोबाइल, तर कोणी केलं हे विचारायच्या आधी काय बदललं हे विचारा. पहिल्या प्रश्नाने माणूस घाबरतो आणि मग खरं कारणही सापडत नाही.

दसऱ्याला मुलगा, सून, नात सगळे आले होते. जेवणं झाल्यावर नातीने लॅपटॉप काढला आणि तो खेळ लावला. सुरुवातीला गुणांची यादी येते. फ्लॉपीवर जशी होती तशीच ती आली होती. पहिल्या ओळीत ‘आई’. दुसऱ्या ओळीत मुलाची तीन अक्षरं, माझ्यापेक्षा वीस गुणांनी कमी. तिसऱ्या, चौथ्या ओळीत पुन्हा आम्हीच दोघं.

मुलगा यादीकडे बघत उभा होता. मी नेहमीप्रमाणे वाट बघत होते, की आता म्हणेल, आई तू दाब, मी सांगतो.

“सरक गं जरा,” तो नातीला म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला.

त्या दिवशी तो मला हरवू शकला नाही. चष्मा नव्हता जवळ, असं म्हणाला. पाकिटावरचा ‘पुरावा’ शब्द मी खोडला नाही. त्याच्या खाली तारीख घालून लिहिलं, ‘दुरुस्त नोंद केली’, आणि सही केली. कपाटातलं बाकी सगळं रद्दीत गेलं, एवढं पाकीट ठेवलं आहे. आकिंचन्यात तेवढी सूट मी घेतली.

उत्तम क्षमा.